मुळांचा माग, भाग 4 : फेरफारातली आई

पुण्यात धायरी फाट्यावरून गावाकडे वळलं की सोसायट्यांच्या पाट्यांवर 'स. नं.' आणि त्यापुढे एक आकडा दिसतो. शेतं गेली, बांध गेले, 2017 मध्ये गाव महापालिकेत गेलं. सर्व्हे नंबर मात्र पत्त्यात टिकून राहिला. पूर्वजांचा माग काढायला तो आकडा फार मोलाचा आहे. मागच्या भागात आपण वडीलधाऱ्यांकडून नावं लिहून घेतली. ती आता कागदाशी ताडून पाहू.

सुरुवात सातबाऱ्यापासून करावी. खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. कंस केलेलं नाव म्हणजे हक्कातून कमी झालेला माणूस : मयत झालेला, जमीन विकलेला किंवा हक्क सोडलेला. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही पाहायची. तिथे कोण मयत झालं आणि त्याला वारस कोण, हे लिहिलेलं सापडतं. त्या मयताच्या नावावर जमीन कशी आली, हे आणखी जुना फेरफार सांगतो. असं पायरी पायरीने नातवाकडून पणजोबापर्यंत जाता येतं. जुने कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागता येतात; स्कॅन झालेले 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावरही मिळतात.

दोन खुणा ओळखायला शिका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं, धाकट्यांचा हिस्सा त्यातच असतो. म्हणून आपला पणजोबा सातबाऱ्यावर दिसला नाही तरी शोध सोडू नका, पुढच्या वाटपाच्या फेरफारात तो भेटू शकतो. दुसरी खूण 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलांच्या नावापुढे ही अक्षरं आणि मग आईचं नाव आलं, की एवढ्याशा नोंदीत एका घराची कथा असते : बाप लवकर गेला, पोरं लहान होती आणि कागदोपत्री त्या बाईने घर सांभाळलं.

एक सावधगिरी. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे दोन पिढ्यांतली दोन माणसं एकच समजली जातात. नाव जुळलं एवढ्यावर थांबू नका. सर्व्हे नंबर, वडिलांचं नाव आणि भावंडं, तिन्ही जुळली पाहिजेत.

2023 पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने अनेक घरांनी हे कागद बाहेर काढले. कुणबी दाखल्यासाठी लागते ती पितृकुळाची वंशावळ. मुलगा, बाप, आजोबा अशी सरळ वर चढणारी. तिच्यात बायका नसतात. हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, पण 1840 पर्यंत तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. घरातल्या बाकीच्यांचे नुसते आकडे. म्हणून तिकडचे वंशशोधकही पहिल्या पिढ्यांतल्या आयांपाशी येऊन अडतात.

आपल्याकडे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला आणि मुलींना मुलाबरोबरीने वारस केलं, 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली. म्हणून 1956 नंतरचे वारसफेरफार बारकाईने वाचा. आजीचं, आत्यांचं नाव तिथे मिळू शकतं. पुढे हक्कसोडपत्राने ते कमी झालेलं असलं, तरी नोंद पुसली जात नाही. त्याआधीच्या आया 'अ.पा.क.'सारख्या खुणांत शोधाव्या लागतात.

पण या आयांचं माहेर सासरच्या फेरफारात सहसा नसतं. ते बहुतेकदा माणसांच्या आठवणीतच असतं. म्हणून या आठवड्यात एकच काम करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसा. तिचं, तिच्या सासूचं आणि आजेसासूचं माहेरचं नाव आणि गाव विचारा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. जुना फेरफार पुढच्या वर्षीही मिळेल. ती सांगणारी असेलच, असं नाही.