मूलद्रव्यांची पंगत

पंगतीत मान वजनावर ठरत नाही; मूलद्रव्यांचेही तसेच. मेंडेलेयेव्हने १८६९ साली आवर्तसारणी मांडली ती अणुभारांच्या क्रमाने. मात्र आयोडीनहून जड असलेले टेल्युरियम त्याने गुणधर्म पाहून आधी बसविले आणि मोजणीतच चूक असावी असे मानले. मोजणी बरोबरच होती. हेन्री मोझली या इंग्रज तरुणाने १९१३ साली क्ष-किरणांच्या साह्याने दाखवून दिले, की खरा क्रम अणुकेंद्रातील धनविद्युत् ठरवते. जितकी ती, तितके इलेक्ट्रॉन. आणि गुणधर्म त्यांच्यावरच अवलंबून. म्हणून जड कोबाल्ट २७ वे, हलके निकेल २८ वे. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणात मोझली पडला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. आवर्तसारणी पाहताना मला आधी तोच आठवतो.