प्रश्नमंजुषेतलं कळंब कोणतं?

आयोजनामागचं काम : भाग ५

‘कळंब कोणत्या जिल्ह्यात आहे?’ हा प्रश्न कळंबच्या शाळेत विचारला तर पहिलीतलं पोरही ‘रायगड’ म्हणेल. हाच प्रश्न धाराशिवच्या किंवा यवतमाळच्या मुलांना विचारा. त्या दोन्ही जिल्ह्यांत कळंब नावाचा अख्खा तालुका आहे, त्यामुळे ती मुलं आपापला जिल्हा सांगतील आणि त्यांचंही बरोबरच असेल. कर्जतचं तसंच. एक आपलं, एक अहिल्यानगर जिल्ह्यातलं.

मागच्या भागात जागा, जेवण आणि वर्गणी यांचा हिशेब झाला. या भागात प्रश्नमंजुषेचे प्रश्न. मंडप चुकला तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. प्रश्न चुकला तर एखाद्या मुलाला तो जन्मभर आठवतो.

हे मी पाहिलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत मी गुणलेखक होतो. प्रश्न आला, ‘महाड कशासाठी प्रसिद्ध आहे?’ खालापूरकडच्या एका मुलीने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘वरदविनायक.’ सूत्रसंचालकांच्या चिठ्ठीवर चवदार तळ्याचा सत्याग्रह होता. उत्तर चूक ठरलं, प्रश्न पुढे गेला, शेजारच्या संघाला गुण मिळाले. अष्टविनायकांतला वरदविनायक ज्या महाडला आहे, ते गाव खालापूर तालुक्यातच आहे. ती मुलगी आपल्या तालुक्याचं उत्तर देत होती आणि ते खरं होतं. मला दोन्ही महाड ठाऊक होती. फळ्यापाशी खडू घेऊन उभा होतो, पण मधे बोलायचं कसं, हरकत कुणाकडे घ्यायची, हे कुठे ठरलेलंच नव्हतं. मी गप्प राहिलो. ते अजून सलतं.

म्हणून प्रश्नसंच तयार करताना पहिली अट एकच : उत्तर एकच निघालं पाहिजे. त्यासाठी प्रश्नातच खूण पेरावी लागते. ‘सावित्रीकाठच्या महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी कोणत्या तळ्याचं पाणी प्राशन केलं?’ असं विचारलं की वरदविनायक मधे येतच नाही. शिवाय ज्याला तारीख माहीत नाही, त्यालाही नदीवरून धागा सापडतो. ‘सर्वात पहिला’, ‘सर्वात मोठा’ हे शब्द दिसले की पेन थांबवावं. कशात पहिला, कुठे मोठा, हे लिहिल्याशिवाय असा प्रश्न संचात घेऊ नये. प्रत्येक उत्तर दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून ताडून घ्यावं. एकाने दुसऱ्यातून उतरवलं असेल तर ते दोन धरू नयेत. आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधी, उत्तरं न पाहिलेल्या एखाद्या जाणत्या शिक्षकाला सगळा संच सोडवायला द्यावा. दोन महाडांची गाठ तिथेच सुटली असती.

प्रश्न कुठून आणायचे? बाजारातल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आणले तर ज्याच्या घरी ते पुस्तक आहे तो जिंकतो. आपल्या भागात प्रश्नांना तोटा नाही. ‘कर्जत-३, कर्जत-७ ही कशाची नावं?’ भातशेतीवाल्या घरातलं मूल लगेच सांगेल, भाताचे वाण. कर्जतच्या संशोधन केंद्रातून आलेले. ‘१९१५ साली खोपोलीत सुरू झालेल्या कोणत्या उद्योगामुळे मुंबईच्या गिरण्या कोळशाऐवजी दुसऱ्या शक्तीवर चालू लागल्या?’ टाटांचं जलविद्युत केंद्र. इथे पाठांतर नसलं तरी घाट, पाऊस आणि पाइप पाहिलेला मुलगा विचार करत उत्तरापाशी पोहोचतो. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. यात नुसती तारीख विचारू नये. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे का पाडले, ती वीज कुठे जात होती, असं विचारावं. पुन्हा आपण मुंबईच्या कारखान्यांपाशीच येतो, आणि दोन प्रश्न एकमेकांना जोडले जातात.

आता संख्येकडे. जिल्हा परिषदेच्या शाळांत स्पर्धांची उतरंड ठरलेली आहे : केंद्र, बीट, तालुका, जिल्हा. रायगडचे १५ तालुके. प्रत्येकातून ४ संघ आले असं धरू. ६० संघ, दोघादोघांचे, म्हणजे १२० मुलं. स्टेजवर सहाच संघ बसतात. उरलेल्या ५४ संघांना परत पाठवण्याआधी त्यांना नीट संधी मिळाली पाहिजे, म्हणून लेखी चाळणी फेरी. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून याच वाटेने चालते. सहावी आणि नववीच्या मुलांची आधी लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्यांचं प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. मोठी गर्दी लेखीनेच गाळायची, बोलणं-करणं थोड्यांसाठी राखायचं.

चाळणीला २५ प्रश्न पुरतात. पर्याय देऊ नयेत. चार पर्याय दिले तर काहीच न येणारा संघही डोळे मिटून सरासरी सहाएक उत्तरं बरोबर ठोकतो आणि खरोखर सहा उत्तरं येणाऱ्या संघाच्या शेजारी जाऊन बसतो. पहिले पाच-सहा प्रश्न असे हवेत की प्रत्येक संघाला दोनतीन तरी यावेतच. पोलादपूरहून आदल्या दिवशी निघालेलं मूल शून्य घेऊन परत जाता कामा नये. शेवटचे चार-पाच मात्र कठीण ठेवावेत, नाहीतर वरच्या दहा संघांचे गुण सारखे होतात. शुद्धलेखनाचा गुण कापू नये, आणि उत्तर ठाकरी किंवा कातकरी उच्चारात लिहिलं असेल तरी ते ओळखता आलं की धरावं. आपण माहिती तपासतो आहोत.

तपासणीत बहुतेक ठिकाणी एक चूक होते : पेपरांचे गठ्ठे शिक्षकांत वाटले जातात. एक शिक्षक सढळ, एक कडक. संघाचं नशीब गठ्ठ्यावर ठरतं. त्याऐवजी प्रश्न वाटावेत. पाच जोड्या, प्रत्येकीकडे पाच प्रश्न, आणि सगळे ६० पेपर प्रत्येक जोडीच्या हातून जातात. एका जोडीला ३०० उत्तरं पाहायची. एका उत्तराला पाच सेकंद धरले तर २५ मिनिटं. मुलांचं जेवण होईतो निकाल तयार. सहाव्या जागेवर बरोबरी झाली तर काय, हेही आधीच छापायचं. पाच प्रश्नांवर चांदणी असते, आधी त्यांचे गुण मोजायचे. तरीही बरोबरी राहिली तर चांदणीचा पहिला प्रश्न ज्याला आला तो पुढे. दोघांनाही आला किंवा चुकला तर दुसरा.

स्टेजवरचा खेळ आपल्याकडे कुठून आला, हेही जाता जाता सांगतो. नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कोलकात्यात पहिली जाहीर प्रश्नमंजुषा घेतली असं मानतात. १९७२ पासून बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट रेडिओवर आली, १९८५ मध्ये सिद्धार्थ बसूंचं क्विझ टाइम दूरदर्शनवर. ‘थेट प्रश्न आणि पास’ ही पद्धत त्या काळात घराघरांत पोहोचली आणि शाळांत अजून तीच चालते. तिच्यात एक खोट आहे.

अ, ब, क, ड, ई, फ असे सहा संघ ओळीने बसलेत. प्रश्न अ ला आला, चुकला. ब कडे गेला, चुकला. क ने सांगितला. पुढचा थेट प्रश्न आता ब ला. तो पुन्हा चुकला की पुन्हा क लाच. अ आणि ब कच्चे असतील तर क ला प्रत्येक फेरीत आपला प्रश्न मिळतोच, वर दोन पासही मिळतात. फ मात्र हुशार ई च्या मागे बसून उपाशी राहतो. म्हणजे चिठ्ठीने ठरलेल्या खुर्चीवर निकाल ठरला.

यावर महाविद्यालयांच्या क्विझमधला उपाय सोपा आहे. थेट आणि पास हा भेदच ठेवायचा नाही. उत्तराला गुण सारखेच. क ने उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न ड पासून सुरू. कुणालाच आलं नाही तर फिरून पुन्हा अ कडेच. आणि अर्धे प्रश्न झाले की दिशा उलटी, फ कडून अ कडे. पहिल्या अर्ध्यात ज्याच्या पुढे कच्चा संघ होता, दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या पुढे दुसरी बाजू येते. खर्च काही नाही, फक्त गुणलेखकाशेजारी आणखी एक माणूस हवा, ‘आता कुणाची पाळी’ एवढंच लिहिणारा. बझर मी शाळांत टाळतो. ज्या मुलाने तो कधी हाताळलेला नाही त्याचा हात उत्तर माहीत असूनही मागे राहतो.

हरकतीचा नियम स्पर्धेआधी मोठ्याने वाचून दाखवावा : हरकत पुढचा प्रश्न सुरू होण्याआधी, ती मूलही घेऊ शकतं, गुणलेखकही, निर्णय दोन परीक्षक देतील आणि पटलं तर त्या संघाला गुण मिळतील. प्रेक्षकांतल्या मुलांनी काही सांगितलं तर तो प्रश्न रद्द.

कळंबला हे सगळं जमवायचं तर वेळ भातकापणीनंतरची, दहावीच्या परीक्षेआधीची, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. लावणीच्या दिवसांत आपल्याकडची अर्धी मुलं चिखलात असतात, आणि नेरळहून कळंबला येणाऱ्या रस्त्याचा पावसाळ्यात भरवसा धरता येत नाही. वीज गेली तरी खेळ थांबू नये म्हणून चित्रांचे प्रश्न पडद्यावर न दाखवता मोठ्या छापील कागदांवर ठेवावेत. आणि समारोप चारच्या आत. श्रीवर्धन, म्हसळ्याच्या मुलांना अजून लांबचा पल्ला असतो. निघताना प्रत्येक संघाच्या हाती त्यांचा तपासलेला पेपर आणि सगळ्या उत्तरांचा कागद द्यावा. चुकलेला प्रश्न कुठे चुकला यावर दोघंजण गाडीत भांडत जातात, आणि एखाद्या उत्तरावर हरकत सुचली तर कागदाच्या तळाशी ती लिहून पाठवायला चार ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात.