झाड न तोडता औषध

सह्याद्रीच्या घाटात नरक्या नावाचे झाड वाढते. फुलांना दुर्गंधी येते, म्हणून हे नाव. असल्या झाडावर चोरट्यांची कुऱ्हाड का पडावी?

कारण आहे त्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी यांनी ते एका चिनी वृक्षातून मिळवले. वाढणाऱ्या पेशीला आपल्या डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. हे द्रव्य त्यातच अडथळा आणते आणि कर्करोगाची पेशी मरते. त्यापासून तयार केलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिली जातात. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना हेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले आणि झाडावर संक्रांत आली. एक टन कॅम्प्टोथेसिनसाठी सुमारे १,००० टन नरक्या लागतो! रुग्ण वाचवायचा की झाड?

दोन्ही वाचवण्याचा प्रयत्न चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये डॉ. स्मिता श्रीवास्तव आणि त्यांचे सहकारी करीत आहेत. नरक्याचा लहानसा तुकडा साखर, क्षार व संप्रेरके घातलेल्या माध्यमावर ठेवला की पेशींचा मऊ गोळा तयार होतो. तो पातळ माध्यमात घालून सतत हलवत ठेवला की पेशी वाढत राहतात. त्यांना ना जंगल लागते, ना पावसाळा.

अडचण एकच. पेशी भराभर वाढतात, पण औषधी द्रव्य थोडेच बनवतात. अशी द्रव्ये झाड बहुधा शत्रूंपासून बचावासाठी तयार करते. बंद काचपात्रात आयते अन्न मिळत असताना ती कशाला बनवायची? म्हणून संशोधकांनी पेशीतील रासायनिक क्रियांचा संगणकावर नकाशा मांडला आणि काम कुठे अडते ते शोधले. मग स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज या विकराचे प्रमाण जनुकीय बदलाने वाढवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार कॅम्प्टोथेसिन पाचपटीपर्यंत वाढले.

अर्थात, प्रयोगशाळेतील काचपात्रापासून कारखान्यातील टाकीपर्यंतचा पल्ला मोठा आहे. तिथे हजारो लिटर माध्यम निर्जंतुक ठेवावे लागते आणि खर्चही परवडावा लागतो. तोवर घाटातला नरक्या जपणे हे आपलेच काम. कारण काचपात्रातील पहिली पेशीही त्या झाडाकडूनच मिळते.