गोठवलेला देह, नकाशातला मेंदू: साठ वर्षांचा मागोवा

उणे १९६ अंश सेल्सिअस ही थंडी गारगोटीसारख्या गावच्या शेतकऱ्याला परकी नाही. गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करणारा येतो, द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून रेताची कांडी काढतो, कोमट पाण्यात धरतो आणि गाय भरवतो. वळू कधीचा मेलेला असला तरी त्याचे वासरू गोठ्यात उभे राहते. ही वाट १९४९ मध्ये खुली झाली. गोठवताना ग्लिसरॉल घातले तर शुक्राणू तगतात, हे ब्रिटनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवले.

जे पेशीला जमले ते माणसाला का जमू नये, हा प्रश्न मिशिगनचे भौतिकशास्त्राचे शिक्षक रॉबर्ट एटिंगर यांनी १९६४ च्या पुस्तकात मांडला. जानेवारी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स बेडफर्ड यांचा देह, पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने, मृत्यूनंतर गोठवला गेला. त्याच वर्षी इकडे उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी ‘बायफ’ ही संस्था उभी केली आणि पुढे गोठवलेले रेत खेड्यापाड्यांत पोचवले. बायफच्या कामातून गोठे भरले. बेडफर्ड अजून टाकीतच आहेत. १९७९ मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थ इथे ठेवलेले नऊ देह वितळून गेल्याचे उघड झाले. पैसे आटले, तसे नायट्रोजन भरणेही थांबले होते.

मरणावर मात करण्याची दुसरी वाट मेंदूची जडणघडण टिपून संगणकात उतरवण्याची. १९८६ मध्ये एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा पूर्ण झाला. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ३९ हजार पेशींचा झाला. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत. शिवाय कोण कोणाला जोडले आहे एवढे कळले, तरी प्रत्येक जोडणी किती जोराने आणि कशी काम करते, हे त्यावरून कळत नाही. आणि सगळे कळले, तरी संगणकात जागा होईल तो माझ्या आठवणी असलेला दुसराच कोणी असेल, असे मला वाटते.

२०१६ मध्ये या दोन वाटा एकमेकींना छेदून गेल्या. रसायनाने घट्ट करून मग गोठवलेला सशाचा मेंदू जोडण्यांसह शाबूत राहिला. नकाशासाठी तो उत्तम होता, पण त्या रसायनाने पेशी मरतात. म्हणजे एका वाटेची खरी प्रगती दुसरी वाट बंद करते.

माझी आशा तिसरीकडे आहे. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उंदराचे मूत्रपिंड १०० दिवसांपर्यंत गोठवून ठेवले गेले, लोह ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांनी आतून एकसारखे तापवले गेले आणि प्रत्यारोपणानंतर ते कामाला लागले. माणसाचे मूत्रपिंड आज बर्फावर जेमतेम दीड दिवस टिकते. ही मुदत महिन्यांवर गेली, तर डायलिसिसवर दिवस काढणाऱ्या रुग्णासाठी जुळणारा अवयव शोधायला वेळ मिळेल. मेलेल्याला उठवण्याचे वचन साठ वर्षांत पुरे झालेले नाही. जिवंत माणसाचे आयुष्य वाढवणारे हे काम मात्र आवाक्यात दिसते आहे. पैसा आणि बुद्धी आधी तिकडे जायला हवी.