जखम भरली, तरी दुखणे का राहते?



गुडघा बदलला, हर्नियाचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, डॉक्टर म्हणाले "सगळे ठीक आहे". पण दुखणे काही जात नाही. जलीब अल शुयूखमधल्या आपल्या सभासदांकडून, विशेषतः मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांकडून, ही तक्रार मी वारंवार ऐकतो. शेवटी हळूच प्रश्न येतो, "डॉक्टर, हे माझ्या मनाचे खेळ तर नाहीत ना?"

नाहीत. दुखणे खरे असते. शस्त्रक्रियेनंतर ३ महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत स्वतंत्र स्थान दिले आहे. गुडघा बदललेल्या साधारण पाच जणांपैकी एकाला असा त्रास राहतो. शस्त्रक्रियेत बारीक नसा कापल्या किंवा ताणल्या जातात. मज्जारज्जू आणि मेंदू सावध होतात, आणि कधी कधी जखम भरल्यावरही सावधच राहतात. चोर निघून गेला तरी राखणीचा कुत्रा भुंकत राहावा, तसे हे आहे.

आधीपासून दुखणे असणे, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत तीव्र वेदना होणे, यांमुळे हा धोका वाढतो. त्यातच मनाची भीती आणि चिंता येते. "आता मी कधीच बरा होणार नाही" हा विचार घर करून बसला, की माणूस हालचाल टाळतो. स्नायू दुबळे होतात, सांधा आखडतो, झोप उडते आणि दुखणे आणखी वाढते.

इथे उपयोगी पडतो तो मनाचा लवचिकपणा. दात-ओठ खाऊन सोसणे म्हणजे लवचिकपणा नव्हे. "पूर्वजन्मीचे भोग आहेत" म्हणून गप्प बसणे हेही नव्हे. "दुखते आहे" हे मान्य करायचे, आणि तरीही आपल्याला जे प्रिय आहे ते झेपेल तेवढे करत राहायचे. एक आजी म्हणतात, "दुखणे पूर्ण गेले की चालेन." दुसऱ्या म्हणतात, "दुखते आहे, पण नातवाला लिफ्टपर्यंत सोडून येते." दुसऱ्या आजींचे दुखणे नक्की जाईल असे मी सांगणार नाही, पण त्यांचे आयुष्य दुखण्याच्या ताब्यात जाण्याची शक्यता कमी. कॅनडातील टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये अशा रुग्णांसाठी खास सेवा आहे. तिथे औषधांबरोबर हेही शिकवतात.

आपल्याकडचे उदाहरण बाबा आमटे यांचे. मणक्याच्या विकारामुळे त्यांना वर्षानुवर्षे बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. तरी १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून 'भारत जोडो' अभियानावर निघाले, गाडीतल्या बिछान्यावर पडून. दुखणे गेले नव्हते. त्यांनी कामाची रीत बदलली होती.

वारकरीही हेच करतो. तो एका दिवसात पंढरपूर गाठत नाही आणि पाय दुखतात म्हणून आळंदीतच बसूनही राहत नाही. ठरलेली मजल, ठरलेला विसावा.

करायचे ते असे:

१. ऑपरेशनआधीच सर्जनला आपली भीती, झोप आणि जुनी दुखणी सांगा.
२. पहिल्या दिवसांत वेदना लपवू नका. सांगितलेली औषधे वेळेवर घ्या.
३. घड्याळ लावून चाला. ५ मिनिटे झेपली, तर पुढच्या आठवड्यात ७. उन्हाळ्यात पहाटे किंवा इमारतीच्या व्हरांड्यात.
४. गावाहून येणाऱ्याकडे गोळ्या मागवू नका. ट्रामाडॉलसारख्या औषधांवर कुवेतमध्ये कडक नियंत्रण आहे. आणणारा तुरुंगात जाऊ शकतो. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने घेतल्यास म्हाताऱ्या मूत्रपिंडांना अपाय होतो.
५. ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा पायातली ताकद अचानक जाणे, यांत मनाचा प्रश्न नाही. लगेच फरवानिया रुग्णालय गाठा. श्वास लागला तर ११२ ला फोन करा.

घरच्यांना एक विनंती. "सारखे काय दुखते?" असे विचारू नका आणि सगळी कामे हातातून काढूनही घेऊ नका. देवाची फुले निवडणे, भाजी निवडणे त्यांच्याकडेच राहू द्या.

आणि एक आवाहन. सामायिक खोलीत राहणारे आपले कामगार बांधव ऑपरेशननंतर दिवसभर एकटे पडून असतात. त्यांना पाणी द्यायलाही कोणी नसते. आम्हांला पैसे नकोत, वेळ हवा. आठवड्यातून एकदा जेवणाचा डबा पोहोचवणे, फिजिओथेरपीला गाडीने नेणे, अर्धा तास सोबत बसणे. ज्यांना जमेल त्यांनी शुक्रवारच्या आरतीनंतर आपले नाव सेवेकऱ्यांकडे नोंदवावे. ज्यांना गरज आहे त्यांनीही संकोच न करता सांगावे. मदत मागणे हाही लवचिकपणाच आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त डॉक्टर