स्टार कोणी दिले, तेही बघा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. कोणतं ॲप घ्यायचं? मग कुणीतरी फोन काढते, प्ले स्टोअर उघडते आणि स्टार वाचून दाखवते. याला ४.६, त्याला ३.८. झालं, पहिलंच चांगलं! साडी घेताना आपण काठ उलटून बघतो, पदर हातात घेऊन बघतो. ॲप घेताना मात्र एका आकड्यावर भागवतो.

हा आकडा म्हणजे सरासरी. समजा शंभर जणींनी मत दिलं. ऐंशी जणींनी पाच स्टार दिले आणि वीस जणींनी एक. सरासरी येते ४.२. दिसायला छानच. पण त्या वीस जणींचे पैसे अडकले असतील तर? म्हणून स्टारच्या शेजारी किती जणांनी मत दिलं तो आकडा वाचा. चाळीस जणांचे ४.९ आणि दहा लाख जणांचे ४.१ यांत मला दुसरं जास्त भरवशाचं वाटतं. डाउनलोडच्या आकड्याचंही तसंच. ज्यांनी ॲप घेतलं आणि आठ दिवसांत काढून टाकलं, तेही त्यात धरलेले असतात.

शिवाय स्टार रागाच्या भरातही दिले जातात. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटल्याची बातमी पसरली. कंपनीने ते नाकारलं, तरी लोकांनी धडाधड एकेक स्टार दिला. त्यात कित्येकांनी नावाच्या गोंधळात स्नॅपडील या आपल्याच देशातल्या खरेदीच्या ॲपला झोडपलं! मे २०२० मध्ये टिकटॉकवरून भांडण पेटलं, तेव्हा त्याचे स्टार दीडच्याही खाली गेले. गूगलने लाखो शेरे काढून टाकल्यावर ते परत चारच्या वर आले. मधल्या दिवसांत ॲप होतं तेच होतं.

पैसे पाठवायच्या ॲपचा खरा वापर मोजायचा तर वेगळी सोय आहे. एनपीसीआय ही यूपीआय चालवणारी संस्था कोणत्या ॲपवरून किती व्यवहार झाले ते दर महिन्याला जाहीर करते. त्यात फोनपे पहिलं आणि गूगल पे दुसरं, असं गेली काही वर्षं चाललंय. एनपीसीआयचं स्वतःचं भीम ॲप बरंच मागे आहे. म्हणून भीम वाईट का? तसं नाही. सगळी एकाच यूपीआयवर चालतात, भीमवरून पाठवलेले पैसे फोनपेवाल्या दुकानदाराला मिळतातच. आपल्या फोनमध्ये जे नीट चालतं आणि अडलं तर बँक सखीला किंवा घरातल्या लेकीला जे येतं, ते घ्यावं.

कर्जाच्या ॲपचं मात्र असं सोपं नाही. २०२१ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेच्या समितीने शोध घेतला तेव्हा कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप सापडली. त्यांतली सुमारे ६०० बेकायदेशीर होती. अशा ॲपलाही चांगले स्टार कसे असतात? एक तर पैसे देऊन स्टार लिहून घ्यायचा धंदाच चालतो. दुसरं म्हणजे, पैसे खात्यावर आले त्या दिवशी माणूस खूश असतो, तेव्हाच पाच स्टार देऊन मोकळा होतो. हप्ता चुकल्यावर फोन सुरू होतात, नातेवाइकांना मेसेज जातात, फोटो पसरवायची धमकी येते. तेव्हा ती बाई लाजेने गप्प बसते, ॲप काढून टाकते. तिचा शेरा कुठे दिसणार? आणि तक्रारी वाढून ॲप बंद झालं तर तेच लोक नव्या नावाने, कोऱ्या पाटीने परत येतात.

म्हणून कर्जाच्या ॲपचे शेरे वाचायचे तर सर्वांत नवे आणि एक स्टारवाले वाचा. ‘ओटीपी येत नाही’, ‘ॲप अडकतं’ हे त्रासाचं आहे, पण धोक्याचं नाही. ‘घरच्यांना फोन केले’, ‘मागितले त्यापेक्षा कमी पैसे आले’ असं दोन-तीन जणांनी जरी लिहिलं असेल, तरी तिथेच थांबा.

स्टार काहीही असोत, नियम विचारा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे कर्ज कोणती बँक किंवा वित्त कंपनी देतेय ते ॲपने सांगायला हवं. व्याज आणि सगळे खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतं, याचा कागद कर्जाआधीच मिळायला हवा. पैसे त्या बँकेकडून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत. ॲपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायचा हक्क नाही. त्याने परवानगी मागितली तर नाही म्हणा. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर अशा ॲपची यादी असते. ती माहिती कर्ज देणाऱ्या संस्थांनीच भरलेली असते, पण यादीत नाव नसेल तर नादी लागू नका.

कुणी आधीच अडकली असेल तर तिने आणखी पैसे भरत बसू नये. मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉट ठेवावेत. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, आणि बेकायदेशीर कर्जवाल्याची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते. एकटीला जमत नसेल तर बँक सखीला सोबत बसवा.