एका जीर्ण संगणकाचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा झाला, म्हणजे जाणते गवंडी आधी गाभाऱ्यातील वस्तू सुरक्षित स्थळी हलवितात आणि मगच भिंतीला हात लावतात. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम पाळावयास हवा, हे आम्हांस जरा उशिराच उमगले. ते कसे, हे पुढे येईलच.

आमच्या शाळेच्या संगणककक्षात कोपऱ्यातील बाकावर दोन जुने संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले होते. दोन्ही पेंटियम ४ जातीचे. प्रत्येकात ५१२ एमबी तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, आणि ४० जीबीची डिस्क. त्यांवर विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली होती. तिच्या सुरक्षेची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. पुढे विंडोज १० ची देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा कक्षातील इतर यंत्रांचीही चर्चा निघाली आणि या दोघांस भंगारात घालावे असे ठरू लागले. आम्ही काही विद्यार्थ्यांनी गुरुजींकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली व ती मिळाली.

यंत्र जुने झाले म्हणजे नेमके काय होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. आमच्या कंग्राळीच्या बाजूस उसाची गाडी ओढणारा बैल सर्वांनी पाहिलेला असतो. वय झालेल्या बैलास उसाने शिगोशीग भरलेली गाडी ओढवत नाही. परंतु तोच बैल हलक्या छकड्याला जुंपला, तर बाजारापर्यंत सुखाने जातो. बैल मेला नव्हता. ओझे वाढले होते. कार्यप्रणाली हे संगणकाच्या मानेवरील पहिले ओझे होय. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणे, डिस्कवरील मजकूर शोधणे, छपाईयंत्रास हुकूम देणे, ही सर्व कामे तिच्यामार्फत होतात, आणि इतर कोणतेही काम सुरू होण्यापूर्वीच ती रॅममधील आपली जागा अडवून बसते. विंडोज एक्सपीस किमान ६४ एमबी रॅम पुरे असे. विंडोज १० च्या ३२ बिटी आवृत्तीस १ जीबी आणि विंडोज ११ यास ४ जीबी लागते. आमच्या ५१२ एमबीच्या बैलास ही गाडी जुंपणे म्हणजे शुद्ध निर्दयपणा झाला असता.

यास्तव आम्ही लिनक्सच्या कुळाकडे वळलो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. तो कोणासही विनामूल्य घेता येतो, बदलता येतो व वाटता येतो. म्हणून त्याभोवती जगभर अनेक प्रणाली रचल्या गेल्या. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने बॉस नावाची जी प्रणाली सिद्ध केली, तीही याच कुळातील. मात्र ‘लिनक्स म्हणजे हलके’ हा समज खरा नाही. त्यांतही गलेलठ्ठ प्रकार पुष्कळ आहेत. शिवाय आमचे यंत्र ३२ बिटी होते आणि अशा यंत्रांची साथ आता एकेक जण सोडीत आहे. सुप्रसिद्ध डेबियन प्रणालीच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत जुन्या ३२ बिटी संगणकांवर ती बसविण्याची सोयच उरली नाही. शोधाशोध करून आम्ही अँटीएक्स ही प्रणाली निवडली. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीवर उभारलेल्या तिच्या २३ व्या आवृत्तीस २५६ एमबी रॅमही चालते. पडद्यावरील चौकटी सांभाळण्यासाठी ती आइसडब्ल्यूएम नावाचा अगदी सडपातळ कार्यक्रम वापरते. छायांकित खिडक्या नाहीत, उगीच सरकणारी चित्रे नाहीत. दिसावयास ती साधीच, पण कामाला चपळ आहे.

प्रथम यंत्राची अंगशुद्धी केली. वीज तोडून, पेटी उघडून, मऊ कुंचल्याने धूळ काढली. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासले. एरवी सुरू होताना शीळ घालून स्तब्ध राहणारे एक यंत्र तेवढ्यानेच बोलू लागले. याच बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानाने आपल्या उद्योगाचा प्रारंभ केला, हे आम्ही पाठ्यपुस्तकाबाहेर ऐकले होते. हात काळे करण्यात कमीपणा वाटू नये, एवढा आधार आम्हांस त्यावरून मिळाला.

प्रणालीची प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतली. ती ७०० एमबीच्या सीडीत मावत नव्हती, आणि आमची यंत्रे इतकी जुनी की पेनड्राईव्हवरून सुरू होणे त्यांस ठाऊकच नव्हते. तेव्हा एका बिघडलेल्या संगणकातील डीव्हीडीची पेटी काढून यांना जोडली. यंत्र सुरू होताना डिलीट ही कळ दाबून धरली, की मूलभूत मांडणीचा निळा पडदा येतो. तेथे ‘आधी डीव्हीडी पाहा, मग डिस्क’ असा क्रम लावावा लागतो. एवढे केल्यावर नवी प्रणाली थेट डीव्हीडीवरून उभी राहते. या अवस्थेत ती डिस्कला आपणहून हात लावीत नाही. पटली तर बसवावी, न पटली तर डीव्हीडी काढून घ्यावी.

येथेच आमच्या हातून प्रमाद घडला. पहिल्या यंत्रावर प्रणाली इतक्या सहजतेने उभी राहिली, की आनंदाच्या भरात आम्ही लगेच ‘डिस्कवर बसवा’ हा हुकूम दिला. संपूर्ण डिस्क पुसली जाईल, अशी सूचना पडद्यावर आली. आम्ही ती वाचली आणि होय म्हटले. अर्ध्या-पाऊण तासात काम फत्ते झाले. दुसऱ्या दिवशी, पूर्वी या वार्षिकांकाचे काम पाहिलेले एक निवृत्त गुरुजी कौतुकाने यंत्र पाहावयास आले आणि सहज म्हणाले, “पोरांनो, जुन्या अंकांचा मजकूर या दोन डबड्यांतच होता. काढून घेतलात ना?”

आमच्यापैकी कोणीच बोलले नाही. गुरुजींनी कापड घातलेल्या दुसऱ्या यंत्राकडे पाहिले व “ते तरी जपून करा,” एवढेच म्हणून ते गेले. ते रागावले असते, तर बरे झाले असते.

दुसऱ्या यंत्रावर मग आम्ही डीव्हीडीवरूनच प्रणाली चालविली, जुनी डिस्क तिच्यामधून उघडली आणि प्रणाली बसविण्यापूर्वी सारा मजकूर दोन निरनिराळ्या पेनड्राईव्हवर उतरवून घेतला. वार्षिकांकांचे धडे त्यात खरोखरच होते. परंतु उघडून पाहावे, तो मराठीचा मागमूस नाही! रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र खुणा यांची खिचडी पडद्यावर पसरली. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. त्या काळी मराठी मुद्रणासाठी जे टंक वापरीत, त्यांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन चिन्हांचाच असे. केवळ त्या चिन्हांवर देवनागरीचे मुखवटे चढविलेले असत. मुखवटा नसला की आत नुसती खिचडी! युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा असा क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर कोणत्याही यंत्रावर मराठीच राहतो. जुन्या टंकांतून युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात. आम्ही एक वापरलाही. पण जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाई आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनामागून येते. त्यामुळे कित्येक वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसल्या. ओळन् ओळ छापील अंकाशी ताडून पाहणे प्राप्त झाले. पुसलेल्या यंत्रातील अंकांचे तर छापील प्रतींवरून नव्यानेच टंकलेखन करावयाचे होते. ती आमची शिक्षा.

आता या कामी आमचे छकडे उपयोगी पडले. अँटीएक्समध्ये देवनागरीचा टंक घालून घेतला आणि कळफलकाची इनस्क्रिप्ट मांडणी निवडली. तीत स्वर व त्यांच्या खुणा डाव्या हातास, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हातास येतात. ‘कंग्राळी’ हे नाव लिहावयाचे, तर के, एक्स, आय, डी, जे, ई, शिफ्टसह एन आणि आर अशा आठ कळा दाबाव्या लागतात. यांतील डी ही कळ हलन्ताची, म्हणजे जोडाक्षर घडविणारी. आमच्यासारख्या सीमाभागातील मुलांच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. कन्नडची इनस्क्रिप्ट मांडणी याच तत्त्वावर रचलेली आहे. ज्या कळेवर मराठीचा क, तिच्यावरच कन्नडचा क. ज्या कळेवर आपला ळ, तिच्यावरच त्यांचा ळ. बोटांना एकदा मराठी आली, की कन्नड निम्म्याहून अधिक आलीच. आमच्यातील एका मुलाने मराठी शिकता शिकता आपला कन्नडचा निबंधही त्याच यंत्रावर उतरविला, आणि कन्नडच्या बाईंनी ‘हे कोठून छापून आणलेस?’ म्हणून विचारले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आजची संकेतस्थळे ही स्वतःच उसाच्या गाड्या आहेत. एखादे उघडले तरी ५१२ एमबी रॅम भरून जाते, मग यंत्र डिस्कवरील राखीव जागा रॅमसारखी वापरू लागते व गोगलगाईच्या गतीने चालते. आंतरजालावरील चलचित्रांचे नाव तर काढूच नये. यंत्राचे घड्याळही दर सकाळी कित्येक वर्षे मागे जाई, आणि तारीख चुकीची असल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे प्रवेश नाकारीत. आम्ही प्रणालीस दोष देत बसलो होतो. दोष निघाला मुख्य पाटीवरील नाण्याएवढ्या, तीन व्होल्टच्या सीआर २०३२ या बॅटरीचा. ती बदलली आणि कालगणना सुरळीत झाली.

दोन्ही यंत्रे आता खिडकीजवळच्या बाकावर आहेत. मधल्या सुट्टीत एक जण छापील अंकातून वाचतो, दुसरा टंकलेखन करतो व तिसरा वेलांट्या तपासतो. पुसलेल्या अंकांपैकी पहिल्याची चौदा पाने झाली आहेत. एका अंकाची छापील प्रत शाळेत सापडलेली नाही. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी जुने वार्षिकांक असतील, त्यांनी ते चार दिवसांकरिता द्यावेत, अशी आमची विनंती आहे. प्रत जशीच्या तशी परत केली जाईल.